दुःखाची गोष्ट होते तेव्हा

आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की लोक भेटायला येतात. दहा दिवस दार उघडंच असतं. ओट्यावर सतरंजी अंथरलेली असते. आलेला माणूस खाली बसतो, थोडा वेळ कुणी काही बोलत नाही आणि मग हलक्या आवाजात तो एकच प्रश्न येतो, "कसं झालं हो?" घरातलं माणूस सांगू लागतं. रात्री नीट जेवले, मग छातीत कळ आली म्हणाले, शेजारच्यांची जीप काढली... तासाभरानं दुसऱ्या गावचे पाहुणे येतात. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच हकिगत. आमच्या मुस्लिम घरांतही वेगळं काही नसतं. जियारतीपर्यंत आणि पुढं चाळिसाव्यापर्यंत माणसं येतात, टेकतात आणि विचारतात.

शिकलेल्या मुलामुलींना हा प्रकार क्रूर वाटतो. जखम झालेल्या माणसाला पुन्हापुन्हा तेच का विचारायचं, असं ती म्हणतात. पण कधी शेजारी बसून नीट ऐकून पाहा. पहिल्या दिवशी त्या बाईला वाक्य पुरं करता येत नाही. मधेच हुंदका येतो, कुणीतरी पाणी देतं. तिसऱ्या दिवशी आधी काय झालं आणि मग काय झालं याचा क्रम लागतो. सातव्या-आठव्या दिवशी तिला अचानक एखादी जास्तीची गोष्ट आठवते, "सकाळी मला म्हणाले होते, आज भाकरी चांगली झाली." दहाव्यापर्यंत तिनं ती हकिगत चाळीस-पन्नास वेळा सांगितलेली असते. पहिल्या दिवशी जी नुसती किंकाळी होती तिची एक गोष्ट झालेली असते. तिला सुरुवात असते, मध्य असतो आणि शेवट असतो. हे समुपदेशन आहे असं तिथं कुणालाच वाटत नसतं.

मी या रिवाजाची आरती ओवाळत नाही. त्याच सतरंजीवर कुणीतरी हळूच म्हणतं, "वेळेवर नेलं असतं तर वाचले असते." त्याच घरात बाईच्या बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानं तो इतर ग्रामपंचायतींपुढं उदाहरण म्हणून ठेवला, ते योग्यच झालं. टाकून द्यायचं ते टाकावं. पण येऊन बसणं आणि "कसं झालं?" असं विचारणं हे टाकून देण्यासारखं नाही.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नेमकं हेच बंद पडलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माणूस दवाखान्यात चालत गेला आणि पिशवीत बांधून थेट स्मशानात पोचला, असं गावोगाव झालं. चेहरा पाहायला मिळाला नाही. दहाव्याला नदीवर माणसं जमली नाहीत. आमच्याकडे कित्येकांना गुस्ल मिळालं नाही आणि जनाज्याला मोजकी चार माणसं. घरातले बाकीचे स्वतःच तापानं फणफणलेले किंवा विलगीकरणात. भेटायला कुणी आलं नाही. फोन आले, पण फोनवर लोक म्हणायचे, "काळजी घ्या, मास्क लावा." "कसं झालं?" हे विचारायला कुणाचं मन धजत नव्हतं. तिशी-पस्तिशीच्या कितीतरी बायकांच्या घशात ती हकिगत तशीच अडकून राहिली.

या बायकांच्या पोटापाण्याचा प्रश्न आधी उचलला गेला, तो आपल्याच जिल्ह्यातून. अकोल्याचे लेखक-शिक्षक हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली आणि तिचं काम राज्यभर पसरलं. पेन्शन, वारसा, कर्ज, मुलांचं शिक्षण असे रोकडे प्रश्न समितीनं हाती घेतले. 'विधवा' या शब्दाऐवजी 'एकल' हा शब्द रुळवण्यात अशा कामाचा मोठा वाटा आहे. कवी म्हणून मला त्याचं विशेष वाटतं. राज्य शासनानंही त्याच वर्षी 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. हे आधी सांगतो, कारण रेशनच्या डब्यात दाणा नसताना कुणी मन मोकळं करण्याच्या गप्पा मारू नयेत.

आता कुणी म्हणेल, या बायकांनी आपली हकिगत सांगितलीच नाही असं कुठं आहे? सांगितली, दहा-दहा वेळा सांगितली. तलाठ्याला, तहसीलमध्ये, बँकेत, विम्याच्या कचेरीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करोनानं दगावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचं सानुग्रह सहाय्य मिळू लागलं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद, चाचणीचा अहवाल जोडायचा होता. प्रत्येक टेबलावर बाईनं तेच सांगितलं. पण तिथं प्रश्न वेगळे होते. "तारीख काय? अहवाल आहे का? नावात फरक का?" टेबलापलीकडच्या माणसाला त्याच्या रकान्यापुरतं उत्तर हवं असतं, त्याचाही काही दोष नाही. मात्र अशा सांगण्यानं मन हलकं होत नाही, उलट सोलवटून निघतं. सतरंजीवरचं सांगणं आणि टेबलापुढचं सांगणं यांत शब्द जवळजवळ तेच असतात. फरक एवढाच की सतरंजीवर कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, काय गाळायचं हे सांगणारी ठरवते. टेबलापुढं ते विचारणारा ठरवतो. माझ्या मते या विषयाची सगळी मेख इथंच आहे.

मोठा आघात झाला की आठवणीचं काय होतं, हे थोडं समजून घेऊ. रोजची आठवण ही वहीत टाचलेल्या पानासारखी असते. तिला तारीख असते, मागचं-पुढचं पान असतं. आघाताची आठवण सुटी पडते. मेंदूचा धोक्याची घंटा वाजवणारा भाग त्या वेळी इतक्या जोरात चाललेला असतो की प्रसंगांना क्रम आणि जागा देणाऱ्या भागाचं काम नीट होत नाही. मग वास राहतो, आवाज राहतो, एखादं चित्र राहतं आणि त्यांना काळ उरत नाही. रस्त्यानं रुग्णवाहिका गेली की सॅनिटायझरचा वास नाकात येतो, हातपाय गार पडतात. बाईला ती वेळ आठवत नाही, ती त्या वेळेत परत जाते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये या अवस्थेला स्वतंत्र आजार म्हणून आपल्या यादीत जागा दिली. मराठीत तिला आघातोत्तर तणाव म्हणतात. गोष्ट सांगणं म्हणजे या सुट्या पानांना पुन्हा टाचणं. "हे झालं, ते तेव्हा झालं, आणि आता मी इथं बसले आहे," एवढं वाक्य मनापासून म्हणता येणं ही फार मोठी मजल असते.

मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्र शिकलेलो नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला आणि कविता करणारा माणूस आहे. २०२२ च्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काही शिक्षिका, एक निवृत्त परिचारिका आणि एक प्रशिक्षित समुपदेशक ताई यांनी अशा बायकांचा एक गट जमवला होता. त्यांना गोष्टी सांगणारं कुणीतरी हवं होतं म्हणून मला बोलावलं. अकरा बायका होत्या. शाळेच्या एका खोलीत दर शनिवारी दुपारी दीड तास गोल करून बसायचं. पुढं जे सांगतो आहे त्यात कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत.

समुपदेशक ताईंनी पहिल्याच दिवशी चार गोष्टी स्पष्ट केल्या. इथलं बोलणं इथंच राहील. कुणीही कुणाला सल्ला देणार नाही. ज्या ताईला बोलायचं नसेल तिनं नुसतं "पुढं" म्हणायचं, कारण विचारलं जाणार नाही. आणि पहिले दोन-तीन शनिवार कुणीच स्वतःचं सांगायचं नाही. या शेवटच्या अटीनं मी चक्रावलो. दुःख सांगायला जमलेल्या बायकांनी आधी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकायची?

पण आपल्याकडचे जुने लोक हेच करत आले आहेत. महाभारतातलं वनपर्व आठवा. द्यूतात सगळं हरलेला युधिष्ठिर रानात बसला आहे. तो बृहदश्व ऋषींना विचारतो की माझ्याइतका दुर्दैवी माणूस तुम्ही कुठं पाहिला आहे का? ऋषी त्याला उपदेश करत नाहीत. ते नळराजाची गोष्ट सांगतात. तोही द्यूतात हरला होता, त्याचीही बायको रानात ताटातूट होऊन भटकली होती. पुढं द्रौपदीच्या हरणाचा प्रसंग घडल्यावर मार्कंडेय ऋषी याच राजाला आधी रामाची आणि मग सावित्रीची कथा ऐकवतात. गोष्टीची निवड पाहा. ती ऐकणाऱ्याच्या दुःखाच्या अगदी शेजारची असते, पण त्याची स्वतःची नसते. कुराणातल्या यूसुफच्या कथेबद्दल आमच्याकडे असंच मानतात. पैगंबरसाहेबांची पत्नी खदीजा आणि त्यांना सांभाळणारे चुलते अबू तालिब एकाच वर्षात गेले. परंपरा त्या वर्षाला दुःखाचं वर्ष म्हणते, आणि ही कथा त्या सुमाराला उतरली असं सांगते. मुलाच्या विरहानं रडून रडून डोळे गमावलेल्या बापाची ती कथा आहे.

मी त्या खोलीत नळ-दमयंतीची गोष्ट सांगितली. रानात झोपलेल्या दमयंतीला सोडून नळ निघून जातो, तिथं थांबलो. ताईंनी विचारलं, "सकाळी जाग आल्यावर दमयंतीनं आधी काय केलं असेल?" बराच वेळ शांतता. मग कोपऱ्यातली एक मावशी म्हणाली, "तिनं हाक मारली आसंल. लई हाका मारल्या आसतील." दुसरी म्हणाली, "तिला वाटलं आसंल, माह्यावर रुसून गेला." तिसरी एकदम जोरात बोलली, "राग आला आसंल तिला. सांगून तरी जायचं!" आणि ती रडू लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. तिचा नवरा सांगूनच गेला होता, दोन दिवसांत येतो म्हणून. गेलेल्या माणसाचा राग येतो हे आपल्या समाजात बोलायची सोय नाही. तो राग दमयंतीच्या नावावर बाहेर आला.

याच तत्त्वावर परदेशात एक पद्धत उभी राहिली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशात एड्सनं आईबाप गेलेली मुलं मोठ्या संख्येनं होती. त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांचा अनुभव असा, की मुलांना थेट दुःखाबद्दल विचारलं तर ती अधिकच कोसळतात. तेव्हा झिंबाब्वेच्या मानसतज्ज्ञ एन्काझेलो एन्क्युबे आणि ऑस्ट्रेलियातले डेव्हिड डेनबरो यांनी 'जीवनवृक्ष' नावाची रीत तयार केली. मुलानं झाड काढायचं. मुळं म्हणजे आपण कुठून आलो, आपले पूर्वज, आपली गाणी. जमीन म्हणजे आजचं जगणं. खोड म्हणजे आपल्याला काय काय येतं. फांद्या म्हणजे आशा, पानं म्हणजे आपली माणसं, मग ती हयात असोत वा नसोत, आणि फळं म्हणजे आपल्याला मिळालेलं देणं. सगळ्यांची झाडं भिंतीवर लावली की त्याचं रान होतं. त्यानंतर मग वादळाबद्दल बोलायचं. नदीत वाहत असताना नदीबद्दल बोलता येत नाही, आधी काठावर पाय टेकावे लागतात, असं यामागचं म्हणणं आहे. आमच्या गटानं हे करून पाहिलं. वडाचं झाड कुणीच काढलं नाही. चिंच, लिंब, बोर आणि एकीनं तर बाभूळ काढली. "काटे हायेत, पर दुष्काळात शेळ्या हिच्यावरच जगल्या," असं तिनं खोडाच्या रकान्यात लिहवून घेतलं.

दुसरी एक रीत जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या मंडळींनी युद्धातून पळालेल्या निर्वासितांसाठी विकसित केली. ती मुळात एकेकट्यासाठी आहे, पण तिचा पहिला भाग गटातही उपयोगी पडतो. जमिनीवर एक दोर पसरायचा. त्याचं एक टोक म्हणजे जन्म. दोरावर क्रमानं फुलं आणि दगड ठेवायचे. चांगल्या घटनेला फूल, वाईट घटनेला दगड. दोराचं शेवटचं वेटोळं उलगडायचं नाही, कारण ते पुढचं आयुष्य आहे. आमच्याकडे सुंभाची दोरी, शेवंतीची फुलं आणि शाळेच्या मैदानातले खडे होते. फुलं पुरली नाहीत. ज्या बायकांना आपलं सगळं आयुष्य म्हणजे तो एक २०२१ चा दगड वाटत होतं, त्यांच्या दोरीवर पहिलं बाळ, दहावीचा निकाल, माहेरची विहीर, पहिली शिलाई मशीन अशी फुलं येत गेली. दगड तिथंच राहिला, तेवढाच मोठा. पण त्याला एक जागा मिळाली. त्याच्या आधीही दोरी होती आणि नंतरही.

सहाव्या शनिवारी एका ताईनं स्वतःहून सांगायला घेतलं. ती नवऱ्याच्या मोबाइलला दर महिन्याला रिचार्ज मारत होती. कारण कुणाला सांगितलं नव्हतं, सासू रागवायची, पैसे वाया जातात म्हणून. दवाखान्यातून त्यानं शेवटचा फोन केला तेव्हा ती भाकरी थापत होती, हात पिठाचे होते, तिनं तो उचलला नाही. परत केला तेव्हा लागला नाही. हे एवढं बोलायला तिला वीस मिनिटं लागली. ती थांबल्यावर कुणी "तुझी काय चूक" वगैरे म्हटलं नाही. थोड्या वेळानं शेजारची भाभी म्हणाली, "माझ्याकडे त्यांचा चश्मा आहे. रोज पुसते." मग एकेक वस्तू निघाली. चपला, विड्यांचं बंडल, पाण्याचं बिल भरायला दिलेली चिठ्ठी. मला वाटतं गटाचं बळ इथं आहे. एकट्या डॉक्टरासमोर ही ताई रुग्ण असती. त्या गोलात ती अकरा जणींतली एक होती, आणि तिच्या बोलण्यानं दुसरीचं कुलूप उघडलं.

आता एक इशारा, आणि तो मला कवितेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सांगितल्यानं बरं वाटतं, तर मग धरून सांगायला लावा, अशी एक लाट जगभर येऊन गेली. १९८० च्या दशकात अमेरिकेत अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकांवरच्या कर्मचाऱ्यांसाठी ही रीत निघाली. दुर्घटनेनंतर लगेच, काही दिवसांच्या आत, सगळ्यांना बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते एका बैठकीत ओकून टाकायला लावायचं. हेतू चांगलाच होता. पण १९९७ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ इथल्या एका अभ्यासानं डोळे उघडले. भाजलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला अशी बैठक दिली, दुसऱ्याला दिली नाही. तेरा महिन्यांनी पाहिलं तर बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना आघातोत्तर तणाव होता आणि बैठक न झालेल्यांत तो ९ टक्के होता. त्यानंतरच्या पडताळण्यांतही या एका बैठकीचा फायदा दिसला नाही. आज जागतिक आरोग्य संघटना आपत्तीनंतर जो 'मानसिक प्रथमोपचार' सांगते, त्यात आधी सुरक्षित जागा, पाणी, कपडा, आपल्या माणसांचा पत्ता या गोष्टी येतात. कुणालाही हकिगत सांगायची सक्ती करू नये असं त्यात बजावलेलं आहे.

म्हणून दूरचित्रवाहिनीचा प्रतिनिधी ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बाईपुढं माइक धरून "तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारतो, तेव्हा तो आघातात भर घालतो. आणि चांगल्या मनाचे कार्यकर्ते एक दिवसाचं शिबिर घेऊन सगळ्यांना रडवून संध्याकाळच्या गाडीनं परत जातात, तेही तेच करतात. जो उद्या परत येणार नाही त्यानं कुणाची जखम उघडू नये. गोष्टींच्या गटात प्रशिक्षित माणूस हवंच. सांगता सांगता कुणी भान हरपलं, अंग थरथरू लागलं, तर त्याला त्या खोलीत, त्या शनिवारी परत आणायचं कौशल्य लागतं. समुपदेशक ताई अशा वेळी शांतपणे विचारायच्या, "खिडकीतून काय दिसतंय ते सांग बरं. पाय जमिनीला लागलेत का?" कुणाची झोप महिनोन् महिने उडालेली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याचं काम गटावर भागत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्यावं लागतं. २०२२ पासून शासनाची टेलिमानस ही फोनसेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, तो मराठीतही बोलतो आणि पैसे पडत नाहीत. आमच्या अकरा जणींपैकी दोघींना औषधं लागली, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

गोष्टीतलं नेमकं काय गुण देतं, याचा शोध घेणाऱ्या एका अभ्यासाकडे शब्दांत काम करणारा माणूस म्हणून मी पुन्हापुन्हा वळतो. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये महाविद्यालयातल्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगावर. दुखरं लिहिणारी मुलं त्या चार दिवसांत जास्त खिन्न झाली. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पुढं पेनेबेकर यांनी अशा कितीतरी लिखाणांतले शब्द मोजले. ज्यांना अधिक फायदा झाला त्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतं' या जातीचे शब्द वाढत गेलेले दिसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत जो एकच आकांत लिहीत राहिला त्याला तेवढा गुण आला नाही. म्हणजे नुसतं वाहून जाणं पुरेसं नाही. व्याकरणाच्या पुस्तकात ज्यांना आपण उभयान्वयी अव्यय म्हणतो, त्या बारक्या शब्दांचं हे काम आहे!

लिहिण्यावरून आपल्याच गावातलं एक उदाहरण आठवतं. अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून जे नेते कैदेत होते त्यांत मौलाना आझाद होते. नेहरूंनी तिथं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मौलानांनी तिथं आपल्या एका मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना, उर्दूत पत्रं लिहिली. ती टपालात पडणार नव्हती हे त्यांना माहीत होतं. तरी ते लिहीत राहिले. पहाटेच्या चहाबद्दल, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांबद्दल. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजार वाढत चालल्याची खबर येत होती, पण सरकारकडे सुटकेची विनंती करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मग त्यांनी तेही पत्रात लिहिलं, त्याच मित्राला, त्याच क्रमानं. ती पत्रं १९४६ मध्ये 'गुबारे खातिर' या नावानं पुस्तकरूपात आली. ऐकणारा समोर नसला तरी चालतो, पण तो कुणीतरी असावा लागतो. त्याला उद्देशून बोलता यावं लागतं.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बायकांना हा ऐकणारा जात्यात सापडला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत सासुरवास आहे, मेलेलं लेकरू आहे, न आलेला भाऊ आहे. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसलेल्या, चार हात एका खुंट्याला, चेहरे दिसत नाहीत, आणि एकीची ओवी संपली की दुसरी आपली जोडते. आजच्या भाषेत तोही गटच होता. फक्त दोघींचा आणि समुपदेशकाविना. गिरणी आली आणि बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्या पहाटेच्या जागी दुसरं काही आलं नाही. आमच्या गटातल्या सत्तरीच्या एका आजीला गाण्याचा आग्रह झाला तर ती म्हणाली, "जातं न्हाई तर सुचत न्हाई." शेवटी एका ताईनं घरून हरभरे आणले. ते निवडता निवडता आजी बोलली. त्यानंतर आम्ही दर शनिवारी काहीतरी निवडायला ठेवू लागलो. हात गुंतले की जीभ सुटते.

पुरुषांचं मात्र अवघड आहे. करोनात बायको गेलेले, आई किंवा भाऊ गेलेले पुरुष काय कमी आहेत? ते बोलतच नाहीत असंही नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून पुरुष गोलात बसून आपली हकिगत सांगत आले आहेत. त्यात व्यसनाच्या मुळाशी असलेले जुने घावही निघतात. पण तिथं येणारा माणूस घरच्यांनी आणलेला असतो आणि त्याला दुसरी वाट उरलेली नसते. आमच्या गटातल्या बायकांना सोडायला येणारे दीर, भाऊ, सासरे शाळेच्या फाटकाशी मोटारसायकलवर बसून राहायचे. आत या म्हटलं तर, "तुमचं चालू द्या," म्हणायचे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवली. खोलीत नाही, तालमीच्या कट्ट्यावर. दहा जणांनी येतो म्हणून सांगितलं, चौघे आले. मी काही गोष्ट सांगितली नाही, शेंगा नेल्या होत्या. तासभर कांद्याच्या भावावर बोलणं झालं, मग बिबट्यावर, मग बँकेच्या साहेबावर. समुपदेशक म्हणून आलेला तरुण मुलगा अस्वस्थ होऊन माझ्याकडे बघत होता. अंधार पडला, टरफलं गोळा केली. तीन जण निघाले. चौथा, पन्नाशीचा गृहस्थ, गाडीची किल्ली हातात घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "चाचा, माह्या भावाला मीच नेलं होतं दवाखान्यात. खाट मिळत नव्हती. सहा ठिकाणी फिरलो." तेवढं बोलून थांबला. मी कट्ट्यावर परत बसलो. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि पहिल्या दवाखान्यापासून सुरुवात केली.